जन्मगाव आणि मनाचा आजार

स्किझोफ्रेनियाची पहिली लक्षणं ज्या वयात दिसू लागतात, ते वय नेमकं कॉलेजचं असतं. मुलांमध्ये साधारण अठरा ते पंचवीस, मुलींमध्ये बहुधा त्यानंतर काही वर्षांनी. बारावीपर्यंत पहिल्या पाचांत असणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मागे पडतो, रात्र रात्र जागतो, मेसला जायचं टाळतो. खोलीतली मुलं आपल्याविरुद्ध कट करताहेत, असं त्याला वाटू लागतं. मग गावी चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, शहरात गेला आणि बिघडला. कुणी म्हणतं, अभ्यासाचा ताण डोक्यात गेला. कुणी देवऋषाचं नाव सुचवतं.

यातला पहिला अंदाज वरवर भोळा वाटला, तरी त्यामागचा प्रश्न गंभीर आहे. शहराचा आणि या आजाराचा खरंच संबंध आहे का? असेल तर तो शहरात शिकायला जाण्याशी आहे की शहरात जन्मून वाढण्याशी? या प्रश्नावर गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत लाखो माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हाती आलेलं उत्तर पालकांच्या अंदाजाहून वेगळं आहे आणि ते समजून घेण्यात विद्यार्थ्यांचा मोठा फायदा आहे.

आधी हा आजार नेमका काय ते पाहू. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटण्याची अवस्था. यात समोर कुणी नसताना आवाज ऐकू येतात, म्हणजे भास होतात. कितीही समजावलं तरी न हलणाऱ्या चुकीच्या समजुती बसतात, म्हणजे भ्रम होतात. विचारांची संगती तुटते आणि बोलणं भरकटतं. ही अवस्था अनेक कारणांनी येऊ शकते: स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य किंवा उन्माद, नशा, कधी मेंदूचा एखादा शारीरिक आजार. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला आजार असल्यामुळे पुढची बरीचशी आकडेवारी त्याचीच आहे.

शिकागोचा नकाशा

रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये शिकागो शहराचा एक वेगळाच नकाशा प्रसिद्ध केला. मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या हजारो लोकांचे पत्ते त्यांनी शहराच्या नकाशावर मांडले होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची दाटी शहराच्या मध्यभागी दिसली. भाड्याच्या खोल्यांचा तो भाग, तिथे माणसं सतत येत-जात आणि शेजाऱ्याला शेजारी ओळखत नसे. बाहेरच्या, स्थिरावलेल्या वस्त्यांकडे जावं तसं प्रमाण कमी होत होतं. उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजाराची मात्र अशी काही मांडणी दिसली नाही. ते रुग्ण शहरभर विखुरलेले होते.

या नकाशावर आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. आजार जडल्यावर नोकरी जाते, घरच्यांशी संबंध तुटतात, माणूस स्वस्त खोलीच्या शोधात शहराच्या मध्यभागी येऊन पडतो. तेव्हा वस्तीमुळे आजार झाला, की आजारामुळे माणूस त्या वस्तीत आला? या घसरणीला इंग्लंडमधून पुरावाही मिळाला. गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी १९६३ मध्ये तरुण पुरुष रुग्णांचे जन्मदाखले काढले आणि त्यांच्या वडिलांचे व्यवसाय पाहिले. वडिलांची आर्थिक पातळी सर्वसाधारण समाजासारखीच होती. मुलं मात्र खालच्या थराला पोहोचली होती. म्हणजे गरिबी हा निदान काही अंशी तरी आजाराचा परिणाम होता.

म्हणून संशोधकांनी मोजायची जागा बदलली. माणूस आजारी पडताना कुठे राहत होता, हे बाजूला ठेवून तो जन्मला आणि वाढला कुठे, हे ते विचारू लागले. नवजात बाळ आजारामुळे घसरत घसरत शहरात येत नाही. जन्मस्थळाला या विषयात एवढं महत्त्व आलं ते या कारणाने.

स्वीडनचे जवान, डेन्मार्कची नोंदवही

स्वीडनमध्ये १९६९-७० साली सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आलेल्या सुमारे ४९,००० तरुणांकडून त्यांच्या बालपणाची माहिती घेतली गेली होती. बहुतेकांचं वय अठरा ते वीस. पुढे त्यांच्यापैकी कुणाला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं, हे राष्ट्रीय नोंदींतून शोधता आलं. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: शहरात वाढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण खेड्यात वाढलेल्यांच्या १.६५ पट होतं. गांजाचं सेवन, आईवडिलांचा घटस्फोट, घरातला मानसिक आजार या गोष्टी हिशेबात धरल्यावरही फरक टिकला.

सर्वांत भक्कम पुरावा डेन्मार्कमधून आला. त्या देशात १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक कायमचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाला जन्मस्थळ, बदलत गेलेले पत्ते, आईवडील, भावंडं आणि रुग्णालयातली निदानं जोडता येतात. प्रेबेन बो मॉर्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. राजधानी कोपनहेगनमध्ये जन्मलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका ग्रामीण भागात जन्मलेल्यांच्या २.४ पट निघाला. मधल्या आकाराच्या शहरांचे आकडे या दोहोंच्या मध्ये बसले.

याच अभ्यासात आनुवंशिकतेचेही आकडे आहेत. आईला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाचा धोका नऊ पटींहून अधिक. वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर सुमारे सात पट. या तुलनेत शहराचा २.४ हा आकडा किरकोळ वाटतो. पण स्किझोफ्रेनिया असलेल्या आया समाजात थोड्या असतात आणि शहरात जन्मणारी मुलं पुष्कळ. त्यामुळे एकूण रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा चित्र उलटं झालं. कुटुंबातल्या आजाराशी जोडता येणारा वाटा ५.५ टक्के निघाला आणि शहरी जन्माशी जोडता येणारा ३४.६ टक्के. शहरी जन्मामागे दडलेलं कारण सापडलं आणि ते दूर करता आलं, तर एका पिढीतल्या किती आजारांना अटकाव करता येईल याचा हा अंदाज आहे. म्हणूनच या आकड्याने मनोविकारशास्त्रात खळबळ माजवली.

दोन वर्षांनी मॉर्टेनसेन आणि कार्स्टन पेडरसन यांनी पुढचं पाऊल टाकलं. मूल पहिली पंधरा वर्षं कुठे कुठे राहिलं, हे त्यांनी वर्षागणिक पाहिलं. सगळी पंधरा वर्षं सर्वांत दाट शहरात काढणाऱ्यांचा धोका, तो सगळा काळ खेड्यात काढणाऱ्यांच्या २.७५ पट होता. बालपणी मोठ्या शहराकडे गेलेल्यांचा धोका वाढला होता. शहराकडून लहान गावाकडे गेलेल्यांचा कमी झाला होता. मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो, असं जिथे दिसतं तिथे संबंध निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता घटते. आणि मात्रा कमी करता येते, ही त्यातली दिलासा देणारी बाजू आहे.

आणि अठराव्या वर्षी शहरात आलेला?

आता पालकांच्या अंदाजाकडे वळू. गावात जन्मून वाढलेला मुलगा शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेला, तर त्याचा धोका वाढतो का? नेदरलँड्समध्ये माखटेल्ड मार्सेलिस, नोरी टाकेई आणि जिम फान ओस यांनी १९९९ मध्ये जन्माचं ठिकाण आणि आजार सुरू होतानाचं ठिकाण वेगळं काढून तपासलं. शहरात जन्मलेले पण आजाराच्या वेळी खेड्यात राहणारे, यांचा धोका वाढलेला होता. खेड्यात जन्मलेले आणि आजाराच्या वेळी शहरात राहणारे, यांचा वाढलेला नव्हता.

म्हणजे ‘शहरात गेला म्हणून झालं’ हे वाक्य या पुराव्यापुढे टिकत नाही. लक्षणं होस्टेलमध्ये दिसली, कारण लक्षणं दिसण्याचं वय आणि होस्टेलमध्ये राहण्याचं वय एकच आहे. आजाराची बीजं बरीच आधी, गर्भावस्थेपासून पौगंडावस्थेपर्यंतच्या काळात रुजलेली असतात. मुलाला पुण्याला किंवा मुंबईला पाठवल्याबद्दल स्वतःला कोसत बसलेल्या आईवडिलांना हे कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवं.

आकड्यांचा आकारही ध्यानात ठेवायला हवा. स्किझोफ्रेनिया आयुष्यात कधी ना कधी होण्याची शक्यता शंभरात सुमारे एक किंवा त्याहून थोडी कमी. समजा, ढोबळ हिशेबासाठी, खेड्यात जन्मलेल्या हजार विद्यार्थ्यांपैकी पाच जणांना आयुष्यात हा आजार होणार आहे. २.४ पट म्हणजे महानगरात जन्मलेल्या हजारांपैकी बारा. उरलेले ९८८ जण शहरात जन्मूनही निरोगी राहतील. समाजाच्या पातळीवर हा फरक फार मोठा आहे. एकट्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र जन्मगावावरून काहीही भाकीत करता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या मेंदूत काय दिसलं

नोंदवह्या संबंध दाखवतात, यंत्रणा दाखवत नाहीत. ती शोधण्याचा एक गाजलेला प्रयत्न जर्मनीतल्या मानहाइममध्ये झाला. आंद्रेआस मायर-लिंडनबर्ग आणि फ्लोरियान लेडरबोगेन यांच्या गटाने निरोगी तरुण स्वयंसेवकांना, त्यांत विद्यार्थी होते, एमआरआय यंत्रात झोपवून गणितं सोडवायला दिली. वेळ मुद्दाम अपुरा ठेवला होता. वर कानाला लावलेल्या हेडफोनमधून, तुम्ही इतरांपेक्षा मागे पडताय, असं सुनावलं जात होतं. प्रत्येकजण आता कुठे राहतो आणि पंधराव्या वर्षापर्यंत कुठे राहिला, याचे गुण आधीच काढलेले होते. एक लाखाहून मोठ्या शहरातल्या वर्षाला सर्वाधिक गुण, खेड्यातल्या वर्षाला सर्वांत कमी.

२०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निष्कर्ष विलक्षण नेमका होता. सध्या मोठ्या शहरात राहणाऱ्यांच्या मेंदूत अमिग्डला जास्त पेटत होता. धोका ओळखून भीतीची घंटा वाजवणारा हा बदामाच्या आकाराचा भाग. शहरात वाढलेल्यांमध्ये मात्र फरक दुसरीकडे दिसला: अमिग्डलावर आणि ताणाच्या प्रतिसादावर नियंत्रण ठेवणाऱ्या पुढच्या पट्ट्यात. आजचं शहर आणि बालपणीचं शहर मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी उमटत होतं. दरडावणी न करता नुसती बौद्धिक कामं दिली, तेव्हा हा फरक दिसला नाही. तो लोकांकडून कमी लेखलं जाण्याच्या ताणातच दिसला.

हा प्रयोग लहान होता आणि त्यातलं कुणीही आजारी नव्हतं. पण त्याने एक दिशा दिली. गोंगाट, गर्दी, धूर यांच्याइतकंच, कदाचित त्याहून अधिक, लक्ष द्यायला हवं ते माणसामाणसांतल्या व्यवहाराकडे.

शहरातलं नेमकं काय?

शहर हा काही जंतू किंवा रसायन नव्हे. त्यात हजार गोष्टी एकत्र असतात आणि संशोधकांनी त्यांतल्या अनेक तपासल्या आहेत. गरोदरपणातले संसर्ग, ड जीवनसत्त्वाची कमतरता, शिसं, प्रदूषण. डेन्मार्कमध्येच उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घराभोवतीची हिरवाई मोजली गेली. बालपणी आसपास झाडं कमी असलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया जास्त आढळला. ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात २,२३२ मुलांचा जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. हेलन फिशर आणि जोॲन न्यूबरी यांच्या गटाला त्यात दिसलं, की भास-संशयाचे अनुभव शहरी मुलांमध्ये अधिक होते. या फरकाचा काही भाग दोन गोष्टींनी उलगडत होता: शेजाऱ्यांमधला तुटलेला संबंध आणि गुन्ह्याचा बळी ठरण्याचा अनुभव. पुढच्या विश्लेषणात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं प्रदूषणही या फरकाशी जोडलेलं आढळलं.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो स्वीडनमधला २०१० चा अभ्यास. स्टॅनली झॅमिट आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोन लाख मुलांची माहिती तीन स्तरांवर एकत्र पाहिली: मूल, शाळा आणि वस्ती. वस्तीतली माणसं किती वेळा बदलतात, किती जण एकटे राहतात, अशा खुणांवरून त्यांनी समाजाची वीण किती उसवली आहे हे मोजलं. ही वीण हिशेबात धरली तेव्हा शहर आणि खेडं यांतला फरक बराचसा उलगडला. शाळेच्या पातळीवर आणखी एक गोष्ट दिसली. भोवतालच्या बहुसंख्य मुलांपेक्षा जे मूल वेगळं होतं, त्याचा धोका जास्त होता. एकच पार्श्वभूमी एका शाळेत मुलाला सांभाळून घेत होती आणि दुसऱ्या शाळेत एकटं पाडत होती.

स्थलांतरितांवरच्या अभ्यासांतही हेच सूत्र येतं. नॉर्वेच्या ओर्नुल्फ ओदेगार्ड यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं, की अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या नॉर्वेजियनांमध्ये स्किझोफ्रेनियामुळे दाखल होण्याचं प्रमाण मायदेशातल्या नॉर्वेजियनांपेक्षा जास्त होतं. दक्षिण लंडनमध्ये २००१ साली जेन बॉयडेल यांच्या गटाला आढळलं, की ज्या वस्तीत एखाद्या अल्पसंख्य समाजाची माणसं थोडी, तिथे त्यांच्यातला आजार जास्त. आपली माणसं आजूबाजूला भरपूर असतील तिथे तो कमी. माणसाला आपल्याहून वेगळ्या लोकांत राहण्यापेक्षा, त्यांच्यात कायम बाहेरचं म्हणून वागवलं जाणं जास्त महागात पडतं, असा याचा अर्थ अनेक संशोधक लावतात.

शंकेची बाजू

इतकं सगळं एका दिशेने जात असताना विरोधातला पुरावाही मांडायलाच हवा. स्वीडनमध्येच अमीर सारियास्लान यांनी २०१५ मध्ये चोवीस लाख लोकांच्या नोंदींत भावंडांची आपसांत तुलना केली. वेगवेगळ्या दाटीच्या वस्त्यांत वाढलेल्या सख्ख्या भावंडांमध्ये फरक जवळजवळ उरला नाही. त्याआधी २००६ मध्ये पेडरसन आणि मॉर्टेनसेन यांनाही दिसलं होतं, की मोठं भावंड राजधानीत जन्मलेलं असेल तर धाकट्याचा धोका त्याच्या स्वतःच्या जन्मगावापलीकडे जाऊन वाढलेला असतो. म्हणजे कारणाचा काही भाग कुटुंबातच असावा. स्किझोफ्रेनियाची जनुकीय प्रवृत्ती जास्त असलेली माणसं दाट वस्तीत राहण्याकडे थोडी अधिक झुकतात, असंही २०१८ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलं. दुसरीकडे, डेन्मार्कमध्ये जनुकीय प्रवृत्ती हिशेबात धरूनही शहराचा परिणाम फारसा कमी झाला नाही. जनुकं आणि शहर एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांचा गुंता अजून सुटतो आहे.

विद्यार्थ्यांपुरत्या केलेल्या अभ्यासांना तर आणखी सावधपणे वाचावं लागतं. विद्यापीठात पोहोचलेली ग्रामीण मुलं ही गावातल्या सगळ्या मुलांचं प्रतिनिधित्व करत नाहीत. कितीतरी गाळण्यांतून ती पार झालेली असतात. ज्यांना आजार लवकर झाला, ती मुलं वर्गापर्यंत पोहोचलेलीच नसतात किंवा मध्येच गळालेली असतात. शिवाय असे अभ्यास बहुधा प्रश्नावलीवर चालतात: कधी आवाज ऐकू आले का, लोक तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का. रॅगिंग होत असलेल्या मुलाला लोक खरंच त्याच्याबद्दल बोलत असतात. जागरणाने झोप उडालेल्या मुलीला डोळा लागता लागता हाक ऐकू येऊ शकते. सर्वसाधारण लोकांतले अनेक अभ्यास एकत्र करून लिन्स्कॉट आणि फान ओस यांनी २०१३ मध्ये मांडलं, की असे अनुभव सुमारे ७ टक्के लोकांना येतात. त्यांतल्या ८० टक्क्यांचे विरून जातात आणि पुढे खऱ्या आजारापर्यंत साधारण ७ टक्के पोहोचतात. प्रश्नावलीतल्या गुणांवरून कुणालाही रुग्ण ठरवणं चुकीचं आणि क्रूर आहे.

युरोपच्या बाहेर

आणि आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरचे जवळपास सगळे आकडे उत्तर युरोपातले आहेत. जॉर्डन डेव्हायल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांतल्या दोन लाख पंधरा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. शहरात राहणं आणि सायकोसिस यांचा संबंध तिथे दिसलाच नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या सतरा ठिकाणांच्या पाहणीत सायकोसिसचं वार्षिक प्रमाण पॅरिसमध्ये लाखामागे ४६, तर स्पेनमधल्या सँटियागोमध्ये फक्त ६ निघालं. दक्षिण युरोपातल्या दाट लोकवस्तीच्या शहरांतही प्रमाण कमीच होतं. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी कुटुंबं जिथे जास्त, तिथे आजार कमी असंही दिसलं. नुसत्या दाटीने आजार होत असता तर हे आकडे असे आले नसते.

भारतातला पुरावा त्याहून जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतल्या अभ्यासात चंदीगड शहर आणि त्याजवळचा ग्रामीण भाग वेगवेगळे घेतले होते. १९९२ मध्ये आलेल्या अहवालात, स्किझोफ्रेनियाची व्यापक व्याख्या धरली तर दहा हजारांमागे वर्षाला ग्रामीण भागात ४.२ आणि शहरात ३.५ नवे रुग्ण होते. काटेकोर व्याख्या धरली तर १.१ आणि ०.९. खेड्यातलं प्रमाण शहरापेक्षा किंचित जास्तच होतं.

कोपनहेगनचा निष्कर्ष उचलून कोथरूड किंवा कोल्हापूरला लावता येत नाही, हे यातून स्पष्ट होतं. आपल्याकडे चाळीत दाटी असते आणि शेजारही असतो. खेड्यात मोकळी हवा असते आणि तिथेच जातीमुळे वाळीत पडल्यासारखं जगणारी मुलंही असतात. माणूस एकटा कुठे पडतो, याचा नकाशा प्रत्येक समाजात वेगळा असतो आणि आपला नकाशा आपल्याकडच्या संशोधकांनाच काढावा लागणार आहे.

हा आजार गावातही होतो, हे मराठी प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटातला शेष कोकणातल्या गावात वाढलेला तरुण आहे. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या त्या भूमिकेमुळे अनेक घरांत या आजाराचं नाव पहिल्यांदा उघडपणे घेतलं गेलं. या चित्रपटामागे उभे राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं कामही उभं केलं. रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत अशाच स्वमदत गटांतून रुळली.

कॉलेजने काय करावं

जन्मगाव बदलता येत नाही आणि बालपणही परत येत नाही. पण या साऱ्या संशोधनातून हाती लागलेली सर्वांत उपयोगी गोष्ट अठराव्या वर्षीही बदलता येते: मूल भोवतालच्या माणसांत सामावलं जातं की बाहेर ठेवलं जातं. परभणीहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलाच्या बोलीवरून, इंग्रजीवरून, कपड्यांवरून, आडनावावरून त्याला वर्गात रोज कमी लेखलं जात असेल, तर मानहाइमच्या यंत्रात थोड्या वेळासाठी दिलेला ताण तो वर्षभर भोगत असतो. यामुळे प्रत्येकाला सायकोसिस होणार नाही. बहुतेकांना होणारच नाही. पण ज्याच्यात प्रवृत्ती आधीपासून आहे, त्याच्यावर हे ओझं टाकणं पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे. होस्टेलमधली सोबत, रॅगिंगवर कडक कारवाई, मातृभाषेत शंका विचारण्याची मुभा, सीनियर मुलांनी घेतलेली जबाबदारी यांना कुणी मानसिक आरोग्याच्या उपाययोजना म्हणत नाही, पण त्या आहेत.

दुसरी गोष्ट गांजाची. गांजा मन शांत करतो, असं कॅम्पसवर सर्रास सांगितलं जातं. युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणी मार्ता दी फोर्टी यांनी केलेल्या २०१९ च्या अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता तिपटीहून अधिक होती. तीव्र प्रकारचा गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये ती पाचपटीच्या जवळ होती. घरात कुणाला हा आजार असेल, त्या मुलाने गांजापासून लांबच राहायला हवं.

तिसरी आणि सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे वेळ. उपचार जितके उशिरा सुरू होतात, तितकं बरं होणं अवघड जातं. नॉर्वेतल्या रोगालांड भागात ‘टिप्स’ या प्रकल्पाने वर्तमानपत्रं, शाळा आणि डॉक्टर यांच्यामार्फत लक्षणांची माहिती सतत दिली आणि थेट फोन करता येईल असं पथक ठेवलं. तिथे लक्षणं सुरू झाल्यापासून उपचारांपर्यंतचा मधला काळ पाच आठवड्यांवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या भागांत तो सोळा आठवडे होता. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. लोकांना काय पाहायचं आणि कुणाला सांगायचं, एवढं कळलं होतं.

ते आपल्यालाही शिकता येईल. झोपेचं चक्र उलटं होणं, अंघोळ-जेवणाकडे दुर्लक्ष, जवळच्या मित्रांना टाळणं, गुणांची अचानक घसरण, स्वतःशी बोलणं किंवा हसणं, मोबाइलमधून किंवा टीव्हीवरून आपल्यालाच संदेश येताहेत असं वाटणं, खोलीतल्या मुलांवर विनाकारण संशय. यांतलं एखादं लक्षण कुणातही दिसू शकतं. अनेक लक्षणं एकत्र आणि आठवडेच्या आठवडे दिसली, तर थांबू नये. त्याच्याशी वाद घालून भ्रम खोटा ठरवायचा प्रयत्न करू नये, त्याची टिंगल तर मुळीच नाही. तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, आपण डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत येतो, इतकं म्हणावं आणि खरोखर सोबत जावं. जीव द्यायचं बोलणं कानावर आलं तर त्याला एकटं सोडू नये. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आपल्या देशात सायकोसिस असलेल्या चारांपैकी सुमारे तिघांना उपचारच मिळत नाहीत. गाव आणि शहर यांतल्या दुपटी-तिपटीच्या फरकापेक्षा ही दरी कितीतरी मोठी आहे आणि ती भरून काढण्यासाठी आणखी कुठल्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक कॉलेजच्या प्राध्यापकांना, होस्टेलच्या रेक्टरना आणि विद्यार्थ्यांना ही लक्षणं आणि हा क्रमांक पाठ असायला हवा. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात लायब्ररीचे आणि परीक्षेचे नियम सांगतात, त्याच तासात हेही सांगितलं जावं.